औंधचा राजपुत्र, भारताचा राजदूत

(शासकीय सेवेत नव्याने दाखल झालेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेले काही दिवस या वर्गात आपण जमीन महसूल, अंदाजपत्रक, सेवानियम, कार्यालयीन टिपणी अशा विषयांचा अभ्यास केला. त्यांच्या मध्येच आज ‘राजनय, राष्ट्राभिमान आणि लोकसेवेची मूल्ये’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. राजनय हा दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा प्रांत. उद्या आपली नेमणूक होणार ती तहसील कचेरीत, पंचायत समितीत नाही तर एखाद्या जिल्हा कार्यालयात. तेथे वकिलाती नाहीत आणि तहनामेही नाहीत. मग या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर व्याख्या सांगून देण्यापेक्षा एका माणसाच्या चरित्रातून द्यावे, असे मी ठरविले. सातारा जिल्ह्यातील औंध या लहानशा संस्थानच्या राजघराण्यात ११ सप्टेंबर १९१२ रोजी जन्मलेले अप्पासाहेब पंत हे ते गृहस्थ. स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी नैरोबी, गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन आणि रोम येथे काम केले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. परराष्ट्रसेवेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते; परंतु ज्या मातीत ते घडले त्या मातीतील नव्या पिढीला ते फारसे ठाऊक नाही. देशाचा मान परदेशात कसा राखावा, हे त्यांनी एखाद्या प्रबोधिनीत शिकले नव्हते. सत्तरएक खेड्यांच्या संस्थानात, हाती असलेली सत्ता लोकांना परत देण्याच्या एका प्रयोगात ते शिक्षण त्यांना मिळाले. माझ्या आजच्या बोलण्याचे सूत्र तेच आहे.

औंधची शाळा

औंध हे संस्थान मोठे नव्हते. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, लोकसंख्या लाखाच्या आत, आणि मुलूखही सलग नाही. निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली गावे, त्यांतील बरीचशी माणदेशातील, पावसाने नेहमी पाठ फिरविलेली. उत्पन्न बेताचे. परंतु या संस्थानाला बाळासाहेब म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्यासारखा राजा लाभला होता. चित्रकलेचे, कीर्तनाचे आणि सूर्यनमस्काराचे त्यांचे वेड सर्वश्रुत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती तेव्हा १९१० मध्ये याच संस्थानाने ती दिली आणि माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना धनगरांच्या वाडीत तालमीसाठी येणारा राजा आठवत असेल. तो राजा याच औंधचा.

अप्पासाहेब हे बाळासाहेबांचे चिरंजीव. ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरीची परीक्षा पूर्ण करून ते परतले, त्या वेळी देशभर संस्थानी प्रजेच्या चळवळी जोर धरू लागल्या होत्या. अनेक संस्थानिक त्या चळवळी दडपण्याच्या मागे होते. औंधच्या राजाने वेगळा मार्ग स्वीकारला. १९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी प्रजेला स्वराज्य देण्याचा आपला निर्णय जाहीर केला. अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे गांधीजींच्या विचाराने भारलेले पोलिश अभियंते या कामाला लागले. गांधीजींचा सल्ला घेऊन संस्थानची घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली.

या घटनेची रचना आपण समजून घेण्यासारखी आहे. सत्तेचा पाया गावात होता. गावकऱ्यांनी आपले पंच निवडायचे. गावपंचायतींच्या प्रमुखांमधून तालुक्याचे मंडळ बनायचे आणि त्यांतून संस्थानचे विधिमंडळ. गावातील लहानसहान तंटे गावातच मिटवायचे. राजाच्या खाजगी खर्चाला मर्यादा घालण्यात आली. राजा हा प्रजेचा पहिला सेवक, ही कल्पना या घटनेच्या मुळाशी होती. ७३ वी घटनादुरुस्ती होऊन ग्रामपंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले ते १९९३ मध्ये. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ माणदेशातील निरक्षर शेतकरी आपल्या गावचा हिशेब स्वतः पाहत होता, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

याच काळात आटपाडीजवळ आणखी एक प्रयोग झाला. गंभीर गुन्ह्यांखाली शिक्षा झालेल्या कैद्यांना तुरुंगाच्या भिंतींबाहेर काढून शेतावर वसविण्यात आले. त्या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. तेथे माणसाच्या शब्दावर विश्वास हाच पहारा होता. या प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची, तेही औंध संस्थानच्याच मुलुखातले. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. माणदेशातील एका ओसाड माळाने जगाला भारताची ओळख करून दिली, ती अशी.

अप्पासाहेबांनी या सर्व वर्षांत संस्थानच्या कारभारात जबाबदारीची कामे केली, पुढे ते संस्थानचे पंतप्रधानही झाले. १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते ज्या गावांच्या आश्रयाने वावरत त्यांत औंध संस्थानातील गावेही होती. कुंडल हे त्यांतले एक. ब्रिटिश सत्तेची नजर संस्थानावर असताना हे सर्व सांभाळणे सोपे नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजपुत्राचे राज्य संपले. त्यांच्याजवळ उरले ते फक्त शिक्षण आणि दहा वर्षांचा लोकांमधील अनुभव. पंडित नेहरूंनी नेमके तेच हेरले, आणि त्याच वर्षी अप्पासाहेबांना भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत पाठविले.

नैरोबीतील सहा वर्षे

१९४८ ची पूर्व आफ्रिका म्हणजे केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार; सर्वत्र ब्रिटिश अंमल. केनियात उत्तम शेतजमिनीचा उंचावरील प्रदेश गोऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता. शाळा, दवाखाने, वस्त्या, हॉटेले यांत वर्णभेद पाळला जाई. गोरा सर्वांत वर, आफ्रिकी सर्वांत खाली आणि मधल्या पायरीवर आपला हिंदी माणूस. रेल्वेच्या बांधकामासाठी आलेल्या मजुरांपैकी जे तेथेच राहिले ते, आणि मागाहून आलेले व्यापारी, कारकून, शिक्षक, वकील असे मिळून केनियात लाखाच्या आसपास हिंदी लोक होते. त्यांत गोव्याहून आलेल्या कुटुंबांची संख्याही मोठी होती.

नव्या आयुक्तापुढे दोन वाटा होत्या. आपल्या लोकांसाठी सवलती मागाव्यात, गोऱ्या राज्यकर्त्यांच्या मेजवान्यांना हजेरी लावावी आणि मुदत संपली की परत यावे, ही पहिली. ती सुरक्षित होती आणि तिच्यात कोणी दोष काढला नसता. दुसरी वाट नेहरूंच्या धोरणाची होती. त्यांचे सांगणे असे की, हा देश आफ्रिकी माणसाचा आहे, त्याचे हित येथे सर्वांत आधी. हिंदी लोकांनी त्याच्याशी मिळून राहावे आणि त्याच्या हक्काआड येणारी कोणतीही सवलत मागू नये. हे सांगणे सर्वच हिंदी व्यापाऱ्यांना रुचले असे नाही. मधल्या पायरीवरचा माणूस खालच्या पायरीकडे सहसा पाहत नाही.

अप्पासाहेबांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या घरी आफ्रिकी पुढारी येऊ लागले, जोमो केन्याटांशी त्यांचा स्नेह जमला. वर्णभेदाच्या त्या शहरात एका टेबलाभोवती आफ्रिकी, हिंदी आणि गोरे बसतात, हीच मुळी एक घटना होती. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतातील विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. महात्माजींच्या निधनानंतर पूर्व आफ्रिकेतील हिंदी लोकांनी त्यांच्या स्मारकासाठी निधी जमविला होता. तो केवळ हिंदी मुलांच्या संस्थेवर खर्च न होता सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या तंत्र महाविद्यालयात गांधी स्मारक संस्था सामील झाली. त्या महाविद्यालयाच्या आवारात १९५६ मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तेच आजचे नैरोबी विद्यापीठ.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी जाहीर झाली. माउ माउ चळवळीचे सूत्रधार ठरवून केन्याटांना पकडण्यात आले. कापेनगुरिया या आडगावी त्यांच्यावर खटला चालला. नेहरूंनी बचावाच्या साहाय्यासाठी दिवाण चमनलाल यांना पाठविले. बचावाच्या वकिलांत मुंबईत जन्मलेले गोमंतकीय तरुण फिट्झ डिसूझा होते. आणखी एक गोमंतकीय, पिओ गामा पिंटो यांनी पत्रकार आणि कार्यकर्ता म्हणून या लढ्यात स्वतःला झोकून दिले; १९५४ पासून १९५९ पर्यंत त्यांनी स्थानबद्धता आणि निर्बंध सोसले. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांची शिक्षा झाली. पुढे १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा देशाचे नेतृत्व त्याच केन्याटांकडे होते.

मर्यादेचा प्रश्न

येथे मी थोडा थांबतो, कारण अप्पासाहेबांच्या चरित्रातील अवघड भाग येथे आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ज्या देशात आपण प्रतिनिधी म्हणून राहतो तेथील सरकारच्या अंतर्गत कारभारात हात घालू नये, हा राजनयाचा जुना आणि योग्य नियम आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आक्षेप हाच होता की, हिंदुस्थानचा आयुक्त हा नियम पाळीत नाही. दिल्लीकडे तक्रारी गेल्या. अखेर १९५४ मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, हेही सांगितले पाहिजे.

त्यांचे चुकले की बरोबर होते? वसाहतीच्या सरकारच्या दृष्टीने ते चुकले. परंतु त्यांनी जे केले ते आपल्या सरकारच्या जाहीर धोरणाला धरून होते. हिंसेचे समर्थन नेहरूंनीही केले नाही आणि भारतानेही केले नाही. अप्पासाहेबांनी माणसांना माणसांसारखे वागविले, त्यांना घरात घेतले, त्यांच्या मुलांना शिक्षणाची दारे उघडून दिली. हे त्यांनी लपूनछपून केले नाही, आणि त्याची किंमत मोजण्याची वेळ आली तेव्हा तक्रार न करता मोजली. शासकीय सेवकाला धैर्य दाखवावयाचे तर ते धोरणाच्या चौकटीत, उजेडात आणि स्वतःच्या जबाबदारीवर, असा याचा अर्थ मी घेतो.

हिमालयातील शेजारी

१९५५ मध्ये अप्पासाहेबांची नेमणूक गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर म्हणून झाली. सिक्कीम आणि भूतान यांच्याशी भारताचे संबंध आणि तिबेटमधील आपल्या कचेऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले. ब्रिटिश अमदानीत हे पद मोठ्या दराऱ्याचे होते. छोट्या हिमालयी राज्यांच्या दरबारात त्या अधिकाऱ्याचा शब्द बहुधा अंतिम असे. स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्याने त्याच खुर्चीवर बसून निराळे वागावयाचे होते.

सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले. त्या वेळी भारतातून भूतानमध्ये जाण्यास मोटारीचा रस्ता नव्हता. सुमारे १४,००० फूट उंचीची नथुला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोडी आणि याक यांच्या साहाय्याने हा प्रवास झाला. पंतप्रधानांचे वय तेव्हा जवळजवळ ६९ वर्षांचे होते. बरोबर इंदिराजी आणि अप्पासाहेब होते. एका मोठ्या देशाचा पंतप्रधान लहान शेजाऱ्याला आपल्याकडे बोलावून घेत नाही, त्याच्या दारी चालत जातो, याचा अर्थ भूतानच्या जनतेला भाषणाशिवाय कळला. पारो येथे नेहरूंनी सांगितले की, भूतानने स्वतंत्र राहावे आणि आपल्या पद्धतीने प्रगती करावी, हीच भारताची इच्छा आहे. १९६१ पासून भारताच्या सीमा सडक संघटनेने तेथे रस्त्यांचे काम हाती घेतले. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. त्यासाठी भारताने त्याला पाठिंबा दिला. आपल्या राष्ट्राचा अभिमान बाळगताना शेजाऱ्याच्या अभिमानाला धक्का लावावा लागत नाही, हे या संबंधांवरून दिसून येते.

तिबेटची कथा मात्र सुखाची नाही. १९५४ च्या करारान्वये भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले होते. १९५६ मध्ये भगवान बुद्धांच्या २५०० व्या जयंतीसाठी दलाई लामा भारतात आले तेव्हा गंगटोकच्या या अधिकाऱ्याने त्यांचे स्वागत केले. तिबेटी माणसाच्या मनातील भीती त्याने जवळून पाहिली आणि दिल्लीला पाठविलेल्या अहवालांत ती सहानुभूतीने मांडली. धोरण बदलले नाही. ते ठरविणे अप्पासाहेबांच्या हाती नव्हते. मार्च १९५९ च्या अखेरीस दलाई लामा सीमा ओलांडून भारताच्या आश्रयाला आले.

मित्रहो, आपल्याही वाट्याला असे प्रसंग येणार आहेत. आपण टिपणीत लिहिलेले मत वरिष्ठ मान्य करतीलच असे नाही. अशा वेळी जे दिसले ते निर्भीडपणे लिहावे आणि निर्णय झाल्यावर त्याची अंमलबजावणी निष्ठेने करावी, अशी आपल्या सेवेची परंपरा आहे. वरिष्ठांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन लिहिलेली टिपणी ही शासनाशी केलेली प्रतारणाच असते. सरकारला चुकीचा निर्णय घेण्याचा अधिकार असू शकतो. परंतु सत्य न सांगितल्यामुळे तो चुकीचा व्हावा, हे आपल्याला शोभणारे नाही.

जकार्तातील चार दिवस

राष्ट्राभिमानाची खरी परीक्षा अपमानाच्या वेळी होते. १९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. अप्पासाहेब तेव्हा इंडोनेशियात भारताचे राजदूत होते. यजमान देशाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नाही. ऑलिंपिक समितीचे भारतीय सभासद गुरुदत्त सोंधी यांनी यावर आक्षेप घेतला आणि या स्पर्धांना ‘आशियाई’ म्हणू नये असे मत मांडले. जकार्तातील वातावरण पेटले. ३ सप्टेंबर रोजी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला करून मोडतोड केली.

दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, फुटबॉलचा अंतिम सामना होता. भारताची गाठ दक्षिण कोरियाशी. सुमारे लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील त्या संघाने कोणाशी वाद घातला नाही. डोक्याला टाके पडलेले जर्नेलसिंग मैदानात उतरले आणि त्यांनी गोल केला. त्याआधीचा पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला होता. भारत २-१ असा विजयी झाला. प्रशिक्षक रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील तो सर्वांत उज्ज्वल दिवस मानला जातो.

भारताने इंडोनेशियाशी संबंध तोडले नाहीत. वकिलातीचे काम चालू राहिले आणि राजदूत आपल्या जागी राहिले. अवघ्या सात वर्षांपूर्वी, १९५५ मध्ये, याच देशात बांडुंग परिषदेच्या वेळी दोन्ही राष्ट्रे खांद्याला खांदा लावून उभी होती. एका दिवसाच्या दंगलीने ती मैत्री मोडून टाकणे सोपे होते. ते केले नाही म्हणून भारताचा मान कमी झाला, असे कोणी म्हणणार नाही. मैदानावरील अकरा खेळाडूंनी जे उत्तर दिले ते निषेधाच्या कोणत्याही खलित्यापेक्षा अधिक काळ लक्षात राहिले.

लंडन : १९७१ आणि १९७२

यानंतर नॉर्वे आणि इजिप्त येथे काम करून १९६९ मध्ये अप्पासाहेब उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. त्यांच्या या कारकिर्दीतच बांगलादेशचा प्रश्न उभा राहिला. सुमारे एक कोट निर्वासितांचा भार भारतावर पडला होता. पाश्चात्त्य राष्ट्रांना परिस्थितीची जाणीव करून देण्यासाठी पंतप्रधान इंदिरा गांधी १९७१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाल्या, त्यात लंडनही होते. ८ जानेवारी १९७२ रोजी पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान प्रथम उतरले ते लंडनलाच. तेथून दिल्लीमार्गे ते १० तारखेला ढाक्याला पोहोचले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. अंगावरच्या कपड्यांनिशी हजारो कुटुंबे इंग्लंडमध्ये येऊन दाखल झाली. लंडनमधील कारकिर्दीच्या अखेरीस हा हुकूम ऐकताना अप्पासाहेबांना नैरोबीतील दिवस आठवले असतील, यात शंका नाही. त्या अन्यायाला कसलेही समर्थन नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून घरे उभारली त्यांचा तो अपराध नव्हता. तथापि, ज्या समाजात आपण राहतो त्याच्याशी एकरूप व्हा, हे २४ वर्षांपूर्वीचे सांगणे किती दूरदृष्टीचे होते, हे या घटनेने दाखवून दिले. रोम येथील काम संपवून १९७५ मध्ये ते सेवेतून मोकळे झाले. पुढे त्यांनी ग्रंथलेखन केले. औंधच्या प्रयोगावरील त्यांचे ‘ॲन अनयूज्वल राजा’ हे इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभराच्या प्रवासानंतर त्यांची लेखणी पुन्हा त्या सत्तरएक खेड्यांकडे वळली.

आपल्या टेबलावरील राजनय

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. आपला याच्याशी संबंध काय?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. परदेशी पाहुण्यांचे एक पथक ग्रामीण पाणीपुरवठ्याची कामे पाहण्यासाठी आले होते. त्यांच्याबरोबर जाण्याचे काम माझ्याकडे होते. कार्यक्रमात तीन गावे होती. तिसऱ्या गावची योजना बंद पडल्याचे मला आदल्या रात्री समजले. देशाची अब्रू राखली पाहिजे, असे मनाशी म्हणून मी वेळ नसल्याचे कारण पुढे केले आणि ते गाव वगळण्याची व्यवस्था केली. परंतु त्या गावचे सरपंच दुसऱ्या गावातच येऊन थांबले होते. हात जोडून त्यांनी पाहुण्यांना आपल्या गावी चलण्याचा आग्रह केला. मला नाही म्हणता येईना. गावात गेल्यावर त्यांनी कोरडा नळ दाखविला, विहिरीचा झरा का आटला ते सांगितले, गावाने आता काय ठरविले आहे तेही सांगितले. मी भाषांतर करीत होतो आणि मान वर करीत नव्हतो. निघताना पथकाच्या प्रमुखांनी मला सांगितले की, या गावामुळे आधीच्या दोन गावांत पाहिलेल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास बसला.

त्या दिवशी त्या गावी भारताचे प्रतिनिधित्व कोणी केले, असे मला विचाराल तर माझे उत्तर ‘सरपंचांनी’ असेच आहे. मी शासनाचा अधिकारी असून देशाबद्दल लाज बाळगून होतो. त्यांना आपल्या गावाचा अभिमान होता, म्हणूनच त्यांना उणीव दाखविण्याची भीती वाटली नाही. ही गोष्ट मी कोणत्याही अहवालात लिहिली नाही. आज आपल्यापुढे ती सांगावीशी वाटली, कारण आपण अजून त्या मोहात पडलेले नाही.

अप्पासाहेबांच्या चरित्राशी हा प्रसंग मी का जोडतो, ते आपल्या ध्यानात आले असेल. औंधमध्ये त्यांनी गावकऱ्याच्या हाती कारभार सोपविला, त्यासाठी त्याच्यावर विश्वास ठेवावा लागला. स्वतंत्रपूरच्या कैद्यावरही विश्वास ठेवावा लागला. नैरोबीत आफ्रिकी विद्यार्थ्यावर आणि भूतानमध्ये लहान शेजाऱ्यावर ठेवलेला विश्वास त्याच जातीचा होता. असा विश्वास टाकणाऱ्याला लपवाछपवी करता येत नाही आणि दुसऱ्याला कमी लेखून आपले मोठेपण सिद्ध करण्याची गरजही वाटत नाही.

उद्या आपल्या कचेरीच्या दाराशी सात-बाऱ्याचा उतारा घेण्यासाठी एखादी वृद्धा येईल. तिने दिल्ली पाहिलेली नाही, मंत्रालयही पाहिलेले नाही. तिच्या दृष्टीने सरकार म्हणजे आपण. तिला बसावयास खुर्ची मिळाली की नाही, तिचे काम आज होणार की नाही हे स्पष्ट सांगितले की नाही, यावरून ती आपल्या देशाविषयी मत बनवील. परदेशातील राजदूताचे काम यापेक्षा मूलतः वेगळे नसते. तोही एका अनोळखी माणसापुढे आपल्या देशाचा चेहरा होऊन बसलेला असतो.

नेमणुकीच्या आदेशात हे कर्तव्य कोठेही लिहिलेले नसते. औंधच्या एका राजाने मात्र ते आपल्या घटनेच्या मुळाशी घातले आणि त्याच्या मुलाने ते नैरोबीपासून रोमपर्यंत सांभाळले. साताऱ्याकडे आपली बदली झाली तर एक रविवार काढून औंधला जरूर जा. तेथील संग्रहालय पाहा, यमाईच्या डोंगरावर चढा आणि वरून भोवतालची गावे पाहा. त्याच मुलुखात एका राजघराण्याने प्रजेपुढे सेवक म्हणून उभे राहण्याचा निर्णय घेतला होता. आपण तर सेवेच्या प्रतिज्ञेनेच या पदांवर येत आहोत. तेव्हा आपल्याला ते कठीण जाऊ नये, अशी आशा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.